कोकणात वाइल्डलाइफ फोटोग्राफी सुरू करताय? लेन्सच्या आधी भरती-ओहोटी शिका

कॅमेरा घेतलाय किंवा घ्यायचाय, गाव किनाऱ्यावर आहे किंवा सुट्टीला कोकणात येणं होतं, आणि पक्षी-प्राण्यांचे फोटो नीट यायला हवेत असं वाटतं, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. नवीन माणूस पहिला प्रश्न विचारतो तो लेन्स कुठली घेऊ. लेन्सचं बघू पुढे, पण कोकणात फोटो मिळतो तो पाण्याच्या वेळेवर. ज्याला आज भरती किती वाजता आहे हे सांगता येतं त्याला साध्या ७०-३०० मिलिमीटर झूम लेन्सवर जे फोटो मिळतात, ते दुपारी बारा वाजता मोठी पांढरी लेन्स खांद्यावर टाकून पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, फिरणाऱ्याला मिळत नाहीत.

एकच जागा पकडा

आधी हे करा. आज फणसाड, उद्या कर्नाळा, परवा तारकर्ली असं फिरू नका. घरापासून चालत किंवा बाइकवर दहा-पंधरा मिनिटांत पोचता येईल अशी एक जागा ठरवा. खाडीचं तोंड असेल तर सोन्याहून पिवळं, कारण तिथे वाळू, चिखल, कांदळवन आणि गोडं पाणी सगळं एकत्र येतं आणि पक्षी त्यामागे येतात. नाहीतर गावची पुळण, खाजणाचा (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचा) बांध, भातशेतीचा मळा, सुरूचं बन, काहीही चालेल. तिथे पहिले काही दिवस कॅमेरा बॅगेतच ठेवून नुसतं बसा. कुठला बगळा रोज कुठल्या खांबावर बसतो, खंड्या कुठल्या फांदीवरून सूर मारतो, घारी मासळीच्या लिलावाच्या वेळी कुठून कुठे जातात हे वहीत लिहा. पक्षी सवयीचे फार पक्के असतात, त्यामुळे आज जो खंड्या सकाळी त्या मोडक्या होडीच्या टोकावर बसला तो उद्याही तिथेच बसण्याची शक्यता खूप असते, आणि हे एकदा कळलं की तुम्ही पक्ष्याच्या मागे पळत नाही, आधीच जाऊन बसता आणि पक्षी तुमच्यासमोर येतो.

आणि गावातल्या माणसांशी बोला. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारे काका, खाडीत कालवं काढणाऱ्या मावशी, सकाळी गुरं घेऊन सड्यावर (कातळाच्या पठारावर) जाणारे आजोबा, यांना जे माहीत असतं ते कुठल्या अ‍ॅपवर नसतं. आधी कॅमेरा बाजूला ठेवून चार गोष्टी बोला, मग विचारा "काका, पाणमांजर दिसतं का हो इकडे?"

भरतीचं गणित

मच्छीमारांचं जुनं गणित आहे, तिथीची पाऊणपट. आज चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे साधारण तीन वाजता भरती पूर्ण. अष्टमीला सहा वाजता. अमावस्या-पौर्णिमेला साडेअकरा-बाराच्या आसपास. दिवसातून दोनदा भरती असते म्हणून ही वेळ सकाळची आणि संध्याकाळची दोन्ही धरायची, आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी जास्तच, ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. गणित ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, अचूक वेळ मोबाइलवर टाइड टेबलमध्ये बघा, पण तिथीवरून डोक्यात अंदाज आला की आठवड्याचं प्लॅनिंग चहा पिता पिता होतं.

आता याचा फोटोशी संबंध काय ते बघा. चिखल्या (प्लोव्हर), तुतारी (सँडपायपर) हे किनाऱ्यावरचे पक्षी घड्याळ बघून जेवत नाहीत, पाणी ओसरून ओली वाळू आणि चिखल उघडा पडला की जेवतात. पूर्ण सुकतीला पाणी लांब गेलेलं असतं, पक्षी पार पसरलेले असतात आणि तुमच्यापासून लांब. पूर्ण भरतीला ते एखाद्या कोरड्या पट्ट्यावर घोळका करून झोपा काढत असतात, तिथे जवळ जाऊन त्यांना उठवायचं नाही. पण सुकती संपून पाणी परत चढायला लागतं तेव्हा प्रत्येक लाटेबरोबर पाण्याची कड पुढे येते आणि कडेवर खाणारे पक्षीही पुढे पुढे सरकतात. तुम्ही त्या पट्ट्यात आधीच शांत पडून राहिलात तर ते आपणहून तुमच्याकडे येतात.

म्हणजे आपल्याला हवी अशी सकाळ, जिथे सुकती पहाटे सहा ते आठच्या दरम्यान संपते आणि मग पाणी भरायला लागतं. गणित केलंत तर अशा सकाळी अमावस्या किंवा पौर्णिमेपासून साधारण तृतीयेपर्यंत मिळतात. हेच उधाणाचे दिवस, सुकतीला पाणी खूप लांब जातं, चिखल भरपूर उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार हलत नाही, त्या दिवसांत खाडीच्या आतल्या बाजूला किंवा मळ्यात जावं.

एक काळजी घ्या. कातळावर किंवा खाडीतल्या बेटासारख्या वाळूवर असाल तर पाणी मागून भरतं आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेल्या माणसाला ते कळत नाही. मोबाइलवर अलार्म लावा. खाडीच्या चिखलात अनोळखी जागी एकट्याने उतरू नका.

उन्हाची बाजू

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी समुद्राकडे बघून उभे राहिलात तर सूर्य पाठीशी, प्रकाश सरळ पक्ष्यावर. छान. फक्त मागे डोंगर किंवा माडांची उंच रांग असेल तर पुळणीवर ऊन उशिरा उतरतं, आपल्या जागेवर ते किती वाजता येतं हे बघून ठेवा. संध्याकाळी सगळं उलटं, समुद्राकडे कॅमेरा केला की पक्षी काळा. मग एकतर ठरवून सिल्हूट काढा, सूर्यास्ताच्या रंगावर बगळ्याची आकृती सुंदर येते, नाहीतर सुकती असेल तर खाली पाण्याच्या कडेला जा आणि किनाऱ्याकडे तोंड करून काढा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो म्हणून खाडीत शक्य असेल तर दक्षिण काठावर बसून उत्तरेकडे बघा.

साडेनऊ-दहानंतर वाळू तापली की हवा थरथरायला लागते. लांबचा फोटो कितीही चांगल्या लेन्सने काढला तरी मऊ येतो आणि लोक फोकसला दोष देत बसतात. तेव्हा लांबचे शॉट सोडून द्या, खेकडे बघा, कांदळवनाच्या सावलीत जा, किंवा सरळ घरी जाऊन आंबोळी खा.

सामान

फार नाही लागत. इंटरचेंजेबल लेन्सचा कुठलाही कॅमेरा आणि ७०-३०० किंवा १००-४०० पुरे, नंतर वाटलं तर १५०-६०० किंवा २००-६०० सेकंडहॅन्ड बघा. लांब झूमचा ब्रिज कॅमेराही (याची लेन्स बदलता येत नाही) शिकायला उत्तम, भरपूर उजेडात तो चांगलं काम देतो. ट्रायपॉडपेक्षा बीन बॅग घ्या, जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तांदूळ भरले की झाली, होडीच्या काठावर, बांधावर, वाळूवर सगळीकडे चालते. कपडे मातकट रंगाचे. निवटी (चिखलावर सरपटणारा छोटा मासा), खेकडे, बेडूक यांना मोबाइलही चालतो.

सेटिंग्ज, एवढ्याच

ऑटो मोड पहिल्या दिवसापासून बंद. मॅन्युअल मोडवर शटर (प्रकाश किती वेळ आत येतो) आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं) तुम्ही ठरवा आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटोवर सोडा, नवीन माणसाला हे सगळ्यात सोपं जातं. अ‍ॅपर्चर लेन्सचं सगळ्यात उघडं, एफ ५.६ किंवा ६.३ जे असेल ते. बसलेल्या पक्ष्याला शटर १/५००, चालत-धावत असेल तर १/१०००, उडत असेल तर १/२०००, सूर मारणारा सुरय (टर्न) किंवा खंड्या असेल तर १/३२००. आयएसओ १६००-३२०० झाला म्हणून घाबरू नका, थोडा दाणेदार पण शार्प फोटो ठेवता येतो, हललेला फोटो कशानेच दुरुस्त होत नाही. फोकस कंटिन्युअस, शूटिंग बर्स्टवर (सलग फ्रेम), फाइल रॉ (कच्ची फाइल, नंतर सुधारायला सोपी). कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखणारा फोकस असेल तर चालू करा, नसेल तर मधला एक पॉइंट ठेवून तो डोळ्यावर धरा. डोळा शार्प नसेल तर बाकी सगळं शार्प असून उपयोग नाही.

एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करणं) मात्र समजून घ्याच, किनाऱ्यावर याच्याशिवाय चालत नाही. कॅमेऱ्याला सगळं मध्यम राखाडी करायची सवय असते. पांढरा बगळा गडद हिरव्या कांदळवनासमोर उभा असेल तर कॅमेरा अंधार समजून प्रकाश वाढवतो आणि बगळ्याची पिसं कोरी पांढरी होऊन जातात, तिथे पाऊण ते एक स्टॉप मायनस (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). उलट ब्राह्मणी घार पांढुरक्या आभाळात उडत असेल तर घार काळी पडते, तिथे एक स्टॉप प्लस. फोटो काढल्यावर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघायची सवय लावा, उन्हात स्क्रीन फसवते, हिस्टोग्राम फसवत नाही.

आडवे व्हा

एवढं एक केलंत तरी फोटोत जमीन-अस्मानाचा फरक पडेल. उभ्याने काढलेल्या चिखल्याच्या फोटोत पक्षी छोटा, मागे सगळी वाळू. पोटावर झोपून कॅमेरा वाळूपासून वीतभर उंचीवर आणला की मागचा समुद्र विरघळून निळा-राखाडी पडदा होतो आणि पक्षी तुमच्या डोळ्याला डोळा देऊन उभा राहतो.

चिखल्या बघा कसा खातो. चार-पाच पावलं झरझर धावतो, टक्क थांबतो, मान किंचित तिरकी करतो, एक टोच मारतो, परत धावतो. तो थांबतो तो क्षण तुमचा. धावताना फोकस धरून ठेवायचा आणि थांबला की तीन-चार फ्रेमचा छोटा बर्स्ट. तुतारी वेगळी, ती चिखलात चोच खुपसत न थांबता चालते, तिच्यासाठी शटर वाढवा आणि डोकं वर आलं की दाबा. थोडा वेळ नुसतं बघितलं की लय कळते.

जवळ कसं जायचं? सरळ चाल करून नाही. लांबूनच खाली बसा, तिरकं तिरकं सरका, मध्ये थांबा, एकटक त्यांच्याकडे बघू नका. पक्ष्याने खाणं थांबवलं, मान उंच केली, डोकं वरखाली करायला लागला किंवा तुमच्याकडे पाठ करून चालायला लागला, की हद्द झाली. तिथेच थांबा, दोन फूट मागे या. थवा उडाला तर तो फोटो आपला नव्हता असं समजा. हे पक्षी मध्य आशियातून आणि त्याच्याही वरून इथे हिवाळा काढायला येतात, मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवत असतात, त्या दिवसांत प्रत्येक वेळी उडवून लावणं म्हणजे त्यांचं जेवण काढून घेणं आहे. इन्स्टावर उडणाऱ्या थव्याचे फोटो टाकण्यासाठी मुद्दाम पळत जाणारे लोक दिसतात, मला ते बघवत नाही.

निवटी सुकतीच्या चिखलात याच पद्धतीने मिळते. बांधावर आडवे व्हा, पाच-दहा मिनिटं हलू नका, बिळात गेलेल्या निवट्या परत बाहेर येतात आणि नर पाठीवरचा पंख उभारून एकमेकांना दाखवायला लागतात, कधी उडीही मारतात. शटर १/२००० ठेवून वाट बघा.

उडणारे पक्षी

सुरुवात ब्राह्मणी घारीपासून करा, ती मोठी आहे, संथ घिरट्या घालते आणि बंदरावर भरपूर असते. लिलावाच्या किंवा रापण ओढायच्या वेळी बंदरात नाहीतर पुळणीवर थांबा. ती लांब असतानाच फोकस धरा, कंबरेतून वळत तिच्याबरोबर कॅमेरा फिरवा, आणि दाबल्यावरही फिरवणं थांबवू नका. पक्षी वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उतरतात, म्हणून वारा तुमच्या पाठीवर असेल तर ते तुमच्याकडे तोंड करून येतात. घार जमली की सुरय, मग खंड्या. समुद्री गरुड, आपला काकण, सगळ्यात शेवटी येऊ द्या. रापणीच्या माणसांच्या कामात मध्ये येऊ नका, दोरीला हात लावायला बोलावलं तर आनंदाने लावा.

कुरवांना (सीगल) गाठ्या, चिप्स टाकून जवळ बोलावायचं मात्र नाही. फेरीबोटीवर सर्रास चालतं हे, पण तळलेलं-खारवलेलं खाणं त्यांचं नव्हे आणि त्या फोटोत वागणंही खरं येत नाही.

घरट्याचा नियम

पावसाळा सुरू झाला की तिबोटी खंड्या येतो. जांभळा-पिवळा-लाल, जेमतेम तळहाताएवढा, कोकणातलं सगळ्यात देखणं पाखरू म्हणा. ओढ्याच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो, आणि तिथेच गर्दी होते. चोचीत बेडूक किंवा सापसुरळी धरून आलेला पक्षी समोर दहा माणसं दिसली की आत जात नाही, फांदीवर बसून राहतो. लोकांना वाटतं वा, किती छान पोज देतोय. आत पिल्लं उपाशी असतात.

म्हणून नवीन माणसाने घरट्यावर फोटो काढूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. बिळासमोरच्या फांद्या तोडणं, काठी रोवून बसायची जागा बनवणं, मोबाइलवर पक्ष्याचा कॉल वाजवणं, फ्लॅश, यातलं काहीही नाही. घरटी आणि अंड्यांना धक्का लावणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाही आहे. तिबोटी हवा असेल तर ओढ्याच्या खालच्या अंगाला, घरट्यापासून लांब, जिथे तो भक्ष्य पकडायला येतो तिथे बसा. वेळ जास्त लागेल. पण पक्षी मोकळा वागताना मिळेल. काकणाचं घरटं उंच झाडावर असतं, वर्षानुवर्षं तेच वापरतो, त्याच्या झाडाखाली मुक्काम ठोकायचा नाही.

कासवं

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडले कासवांचं काम सुरू केलं, आता आंजर्ल्यासह बऱ्याच गावांत संरक्षण होतं. मादी रात्री येऊन शंभरेक अंडी घालते, ती कुंपणात हलवून जपली जातात आणि ४५ ते ६० दिवसांत पिल्लं बाहेर येतात. हंगाम साधारण फेब्रुवारीपासून, गावात फोन करून विचारून जा, पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात.

फ्लॅश बंद, मोबाइलचा टॉर्च बंद, कारण पिल्लू उजेडाच्या दिशेने जातं आणि समुद्राऐवजी तुमच्याकडे वळेल. दोरीच्या आत पाय नाही, पिल्लू हातात धरून फोटो नाही. दोरीपाशी आधीच आडवे होऊन जागा धरा, ७०-२०० सारखी लेन्स बरी. पिल्लू गडद आणि ओली वाळू चकाकती, म्हणून अर्धा ते पाऊण स्टॉप प्लस. लाट पिल्लाला पहिल्यांदा भिजवते तिथे फोकस आधीच लावून ठेवा.

डॉल्फिनसाठी दापोली, गुहागर, मालवणकडे बोटी मिळतात. बोटवाल्या दादांना आधीच सांगा पाठलाग करायचा नाही, इंजिन मंद करून थांबा. झूम पूर्ण ताणू नका, नाहीतर कुठे वर आला ते सापडेपर्यंत गेलेला असतो. शटर १/१६००.

पावसाळा आणि मीठ

पावसात बेडूक, खेकडे, सड्यावरची फुलं, किडे, शिकायला इतका चांगला काळ नाही. पण गमबूट घाला, चिखलातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस तापाचा) धोका असतो, आणि सड्यावर किंवा कातळात हात टेकताना, गुडघा टेकताना आधी बघा. फुरसं आपल्याकडे भरपूर आहे आणि ते कातळाच्या रंगात मिसळून जातं.

किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. घरी आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग साध्या पाण्यात किंचित ओला करून पिळलेल्या कपड्याने बॉडी पुसा, मग कोरड्याने. वाळू असताना घासलंत तर काच ओरबाडली जाते. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की काचेवर बाष्प धरतं, बॅगेतच अर्धा तास ठेवून मग उघडा. जून ते सप्टेंबर लेन्स चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत ठेवली की बुरशी आलीच, हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, आत छोटा आर्द्रतामापक ठेवला तर उत्तम, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवा. सिलिका जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून परत वापरता येतं, फक्त तो तवा पोळ्यांना वापरू नका. आणि लेन्स मधूनमधून वापरा.

घरी आल्यावर

त्याच दिवशी फोटो उतरवा. पहिल्या फेरीत हललेले, डोळा मऊ असलेले, पाठमोरे सगळे उडवा, दया दाखवू नका. उरलेल्यांत क्षितिज सरळ करा, मागे समुद्र असलेल्या फोटोत एक अंश तिरका असला तरी पाणी सांडल्यासारखं दिसतं. थोडं क्रॉप, थोडं एक्सपोजर, बस. रंग भडक करू नका, बगळ्याचा पांढरा निळा झाला किंवा चिखल केशरी झाला तर हात आवरा.

पक्षी ओळखता आला नाही तर पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन अ‍ॅपवर टाका, आणि यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर नोंदवा, तारीख, वेळ, भरती की सुकती हे तुमच्या वहीतही लिहा. पुढच्या वर्षी त्याच तिथीला कुठे जायचं ते या वहीतूनच कळतं. घरटी, पाणमांजराची जागा, काकणाचं झाड यांचं लोकेशन मात्र कुठेच टाकायचं नाही, फोटो शेअर करताना मोबाइलचं जीपीएस बंद आहे ना ते बघा, आणि कोणी मेसेज करून विचारलं तर तालुक्याचं नाव सांगून थांबा.